फियाटची तिकोनी काच काढायची का?

प्रश्न : आमच्याकडे बाबांची 1971 ची फियाट 1100 डिलाइट आहे. इंजिन ठणठणीत आहे, आता रंगकाम काढलंय. बाबा ऐंशीच्या घरात आहेत. संध्याकाळी फुटाळा तलावावर, कधी रामटेकला, त्यांना हीच गाडी लागते. उन्हाळ्यात मात्र त्यांना आत बसवत नाही, म्हणून एसी लावायचा विचार आहे. गॅरेजवाले म्हणतात, पुढच्या दोन्ही दारांच्या कोपऱ्यातल्या, फिरवून उघडायच्या छोट्या तिकोनी काचा काढून अख्खी काच टाका, नाहीतर गारवा टिकणार नाही. डाव्या तिकोनीतून पावसाचं पाणीही गळतं. बाबा ‘हात लावू नका’ म्हणतात. काय करावं?
— एक वाचिका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, बाबांचं ऐका. एसी खुशाल लावा, पण त्यासाठी दार कापू देऊ नका.

आधी गळतीचं बघू. गळतंय ते काचेभोवतीच्या रबरामुळे. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होतं, दबतं, कोपऱ्यात तडकतं आणि काच लावलेली दिसली तरी फट राहते. वहीच्या कागदाची एक पट्टी रबरावर धरा, काच लावा आणि पट्टी ओढा. ती अडली पाहिजे. अलगद हातात आली तर त्या जागी रबर संपलं समजा. तिन्ही बाजूंनी असंच बघा. मग एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, खालून सुरू करून हळूहळू वर. एकदम वरून सोडलं तर सगळीकडूनच ओघळतं आणि शिरतंय कुठून ते कळत नाही. पुष्कळदा आळ तिकोनीवर येतो आणि पाणी समोरच्या काचेच्या रबराखालून आलेलं असतं. दाराच्या तळाची भोकंही तारेने मोकळी करा. ती मातीने बुजली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून सडत जातो. हे सगळं रंग चढायच्या आधी.

हे मॉडेल भारतात 1964 मध्ये आलं आणि पुढे पद्मिनी नावाने 2000 च्या सुमारापर्यंत बनत राहिलं, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. पण दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून रबर आणू नका. जुनं रबर काढून सोबत न्या, डावं-उजवं ताडून घ्या. बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. काच ढिली होऊन वाऱ्याने आपोआप फिरत असेल तर दाराची आतली पॅड काढा. काच जिच्यावर फिरते त्या खालच्या खुंटीला स्प्रिंग आणि नट असतो, तो आवळला की काच ठेवाल तिथे थांबते.

आता ही काच करते काय, ते सांगतो, कारण हल्ली गॅरेजमधल्या पोरांनाही ते ठाऊक नसतं. मागची कड दोन बोटं बाहेर ढकलली की बाजूने जाणारा वारा गाडीतली कोंदट हवा ओढून घेतो, आणि अंगावर झोतही येत नाही. पावसात हेच करायचं, समोरच्या काचेवरची वाफ कमी होते. तीच काच पूर्ण उलटी फिरवली की बाहेरचा वारा थेट छातीवर. पंखा नाही, मोटर नाही, बॅटरीवर भार नाही. कन्हानचा पूल ओलांडताना ती फिरवून बघा, बाबा का अडून बसलेत ते तुम्हालाच कळेल.

मे महिन्यातल्या दुपारी मात्र ती उपयोगाची नाही, हेही तितकंच खरं. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले. असल्या हवेत तिकोनीतून येते ती लू. ऐंशीच्या माणसाला तेव्हा या गाडीत बसवूच नये, सकाळी नऊच्या आत फिरवून आणावं. त्यामुळे तुमचा एसीचा विचार चुकीचा नाही.

पण डॅशबोर्डखाली टांगायचं युनिट गाडीतलीच हवा फिरवत राहतं, बाहेरची घेत नाही. चार माणसं बसवून रामटेकपर्यंत काचा बंद ठेवल्या तर जीव घुसमटतो. फर्शीला किंवा इंजिनकडच्या पत्र्याला भोक असेल तर सायलेन्सरचा धूरही आत कोंडतो, आणि तो धोक्याचा आहे. अधूनमधून तिकोनी बोटभर उघडायची सोय तेव्हाच लागते. गारवा जातो तो मुख्यतः तापलेल्या टपातून आणि इंजिनकडच्या पत्र्यातून. एवीतेवी गाडी उघडलीच आहे, तर टपाच्या अस्तराखाली उष्णतारोधक थर घालून घ्या आणि वायरी जातात ती भोकं रबराने बुजवा. गॅरेजवाल्यांना आधी हे विचारा : 1089 सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन कॉम्प्रेसर ओढताना तापणार, रेडिएटर आतून साफ केलाय का? बॅटरी चार्ज करणारा डायनामो एसीच्या पंख्याचा भार घेईल का? याचं उत्तर नसेल तर काचेचा विषय त्यांनी काढूच नये.

अख्ख्या काचेसाठी तिकोनीमागचा उभा चॅनल काढावा लागतो. मोठी काच त्याच्याच आधाराने वर-खाली होत असते. नवा चॅनल पुढे सरकवला तरी काच चढवणारं मशीन जुन्याच जागी राहतं. काच जड झालेली, उचल मधोमध नाही, म्हणून ती तिरकी चढते आणि अर्ध्यात अडकते. अशा गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि मूळ चौकट भंगारात गेलेली असल्यामुळे मनासारखी दुरुस्ती होत नाही. फार वाईट वाटतं.

आणखी एक. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. तुमची गाडी वयात बसते. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, त्यामुळे बाबा फिरताहेत तोवर ती नोंदणी तुमच्या कामाची नाही. पण पुढे करावीशी वाटली तर कापलेलं दार आडवं येऊ शकतं.

एवढं वाचूनही घरात काढायचंच ठरलं, तर काच, चौकट, चॅनल, खुंट्या आणि स्क्रू डाव्या-उजव्याच्या चिठ्ठ्या लावून वेगवेगळे बांधा आणि त्याच दिवशी घरी घेऊन या. गॅरेजमध्ये ठेवू नका.