फूटपट्टी, पाट आणि ऊन : मुलांच्या स्क्रीनबद्दल वाचकांचे प्रश्न

स्क्रीन, डोळे आणि पाठ या विषयावर आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न एकमेकांत मिसळलेले होते, त्यामुळे ते एकत्र करून चार घेतले आहेत. उत्तरं डोळ्यांच्या आणि मणक्याच्या तज्ज्ञांनी मिळून दिली आहेत.

मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेतल्या तपासणीत मायनस दीड नंबर निघाला. घरात कुणालाही चष्मा नाही. मोबाईलमुळेच झालं का? आणि चष्मा सतत लावला की नंबर वाढत जातो म्हणतात. फक्त शाळेपुरता लावला तर चालेल का?

आधी डोळ्यांत थेंब घालून तपासणी करून घ्या. मुलांच्या डोळ्यांतले फोकस करणारे स्नायू फार जोरकस असतात. जवळचं बघून बघून ते आखडले की दूरचं धूसर दिसतं आणि मशीनवर नसलेला मायनस नंबर उमटतो किंवा असलेला फुगून दिसतो. थेंबांनी हे स्नायू सैल पडतात आणि खरा नंबर कळतो. त्यानंतर उजेड खुपतो, जवळची अक्षरं पुसट दिसतात. काही थेंबांचा परिणाम दिवसभरात उतरतो, काहींचा आठवडाभरही टिकतो. म्हणून परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी नको.

नंबर खरा निघाला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की डोळ्याचा गोळा मागच्या बाजूने लांबला आहे. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. 1 मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे अंदाजे अडीच ते तीन नंबर. लांबलेला डोळा पुन्हा आखूड करता येत नाही, त्यामुळे व्यायामाने नंबर घालवून देण्याच्या जाहिरातींकडे दुर्लक्ष करा. चष्म्याने नंबर वाढतो हा समज मात्र उलटा आहे. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिलेल्या चाचण्यांत वाढ थांबली नाही, एका चाचणीत तर ती जास्त वेगाने झाली. तेव्हा पूर्ण नंबरचा चष्मा, आणि तो दिवसभर.

आता मोबाईलचा दोष. आईवडिलांना चष्मा असेल तर शक्यता वाढते, पण नसला म्हणजे मूल सुटलं असं नाही. डोळ्याला खटकतं ते जवळचं आणि सलग पाहणं. पुस्तकात नाक खुपसून दोन तास वाचणारं मूलही त्याच वाटेवर असतं, फक्त त्याचं कौतुक होतं! मोबाईल जास्त नडतो कारण अक्षरं बारीक, म्हणून तो पुस्तकापेक्षा जवळ धरला जातो, आणि पान संपत नसल्याने नजर उचलली जात नाही.

या सगळ्यात सर्वांत कमी बोललं जातं ते उजेडाबद्दल. घरात दिवे लावूनही प्रकाश साधारण 300 ते 500 लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो. बाहेर, सावलीतसुद्धा, तो अनेकदा 10,000 लक्सच्या आसपास जातो. तेजस्वी प्रकाशात डोळ्याच्या आतल्या पडद्यात (रेटिनात) डोपामिन हे रसायन स्रवतं आणि ते गोळ्याची वाढ आवरतं, असं आजवरच्या संशोधनातून दिसतं. म्हणून रोज दोन तास घराबाहेर. ते सलग हवेत असं नाही, टोपी घातली तरी चालते, खेळलंच पाहिजे असंही नाही. उन्हाचा उपयोग नंबर लागण्याआधी जास्त होतो, लागल्यानंतर कमी. म्हणजे घरात धाकटं भावंड असेल तर त्याला आजच बाहेर काढा.

दर सहा महिन्यांनी नंबर तपासा, सोय असेल तर डोळ्याची लांबीही मोजून घ्या. वर्षाला अर्धा नंबर किंवा त्याहून जास्त वाढ होत असेल तर नंबरची वाढ मंदावणारे कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब किंवा तशाच खास काचा यांबद्दल नेत्रतज्ज्ञांना आपणहून विचारा.

सहा वर्षांचा मुलगा गादीवर पालथा पडून टॅब बघतो. टेबलाशी बसवलं तर पाच मिनिटांत पोक काढतो. किती वेळा ओरडायचं?

ओरडून पोक जात नाही, कारण तो बहुधा फर्निचरमुळे असतो. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक मुलाला खोल पडते. पाठ टेकवली तर गुडघे वाकत नाहीत, म्हणून ते पुढे सरकून बसतं. पाय लोंबकळतात, कंबर गोल होते आणि डोकं पुढे येतं. डोकं पुढे आलं की डोळे पडद्याच्या जवळ. मान आणि डोळे यांची तक्रार एकाच जागी सुरू होते ती अशी.

मागून सुरुवात करा. पाठीमागे कडक उशी ठेवा; गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं मावतील इतकीच जागा राहिली पाहिजे. मग बूड इतकं उंच करा की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. आता पाय नक्की हवेत राहतील, म्हणून खाली पाट किंवा खोकं. बहुतेक घरांत इथेच चुकतं : बैठक उंच होते आणि पायाखालचं राहून जातं. दहा मिनिटांत मूल पुन्हा घसरतं आणि आपण म्हणतो, सवयच वाईट.

टॅब आडवा न ठेवता स्टँडवर उभा करा. अंतरासाठी शाळेची 30 सेंटिमीटरची पट्टी घ्या. ती नाक आणि पडदा यांच्यामध्ये मावली पाहिजे. लॅपटॉप 50 ते 60 सेंटिमीटरवर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड जोडलेले असल्याने एक नीट ठेवला की दुसरा बिघडतो. रोज तास-दीड तास वापर असेल तर खाली पुस्तकं घालून तो उंच करा आणि कीबोर्ड वेगळा लावा. अक्षरं मोठी करा, मूल आपोआप मागे सरतं. कार्टून बघायचंच असेल तर दोन-तीन मीटरवरच्या टीव्हीवर. छोट्या पडद्यापेक्षा ते डोळ्यांना आणि मानेला दोन्हींना बरं.

मान 60 अंश झुकवली की तिच्यावर 27 किलो भार येतो, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो 2014 मध्ये प्रौढ माणसाच्या संगणकीय मॉडेलवरून काढलेला आहे, मुलांच्या मानेवर मोजलेला नाही. घाबरवायला तो वापरू नका. उत्तम पद्धतीने बसलेलं मूलही अर्धा तास हललं नाही तर अवघडतं. 20 मिनिटांनी उठवा, खिडकीतून सहा मीटरपलीकडचं काहीतरी वीस सेकंद बघू द्या. यानं थकवा उतरतो. नंबर रोखण्याचं काम मात्र बाहेरच्या उजेडाचंच.

पडद्याचा निळा प्रकाश अडवणारा ब्लू लाइटचा चष्मा घ्यावा का?

डोळ्यांचा थकवा कमी करण्यासाठी नको. 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेने केलेल्या आढाव्यात साध्या काचांच्या तुलनेत अल्पकाळात त्याचा फायदा दिसला नाही. झोपेआधी तासभर पडदा बंद करणं जास्त उपयोगी.

मुलगी सारखे डोळे मिचकावते, चोळते. शिवाय एक खांदा वर दिसतो. मोबाईलमुळेच का?

दोन्ही गोष्टी वेगळ्या बघा. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी वेळा लवतात, डोळे कोरडे पडतात. पण खाज सुटून चोळणं बहुतेक ॲलर्जीचं असतं. जोरजोरात चोळून बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे फुगू शकतो. थंड पाण्याची पट्टी ठेवा. घरात उरलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. अचानक दोन-दोन दिसायला लागलं किंवा एक डोळा आत वळला तर थांबू नका. फार वेळ मोबाईल अगदी जवळून बघणाऱ्या मुलांत असा तिरळेपणा आढळला आहे.

खांद्यासाठी तिला पाय जोडून उभं करा, गुडघे ताठ, हात जोडून सावकाश कमरेत वाकू द्या आणि मागून पाठ बघा. एका बाजूच्या फासळ्या वर उचललेल्या दिसल्या तर तो मणक्याचा बाक असू शकतो. तो मोबाईलने होत नाही आणि नीट बस म्हणून जातही नाही. वाढीच्या वयात तो वेगाने वाढू शकतो, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा आणि बाजारातला पाठीचा पट्टा त्याआधी बांधू नका.