पोचे कुठे पडलेत ते आधी पाहा

वाचकांचे प्रश्न : चाकं, रिम आणि आरे

प्रश्न : ताई, नमस्कार. तीन वर्षांपासून डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरची सायकल, चालवतोय. हेल्मेट, गार्ड, पाणी सगळं धरून माझं वजन ८६ किलो. या एका हंगामात मागच्या चाकाच्या तीन रिम गेल्या. पहिल्या दोन्हींना पोचे पडले आणि टायर हवा धरेना. तिसरीला आऱ्याच्या भोकापाशी तडा गेला. चाकं २९ इंची आहेत, रिमची आतली रुंदी ३५ मिलिमीटर, टायर २.४ इंची, एन्ड्युरो केसिंगचा (केसिंग म्हणजे टायरचा कापडी सांगाडा, एन्ड्युरोचा डाउनहिलपेक्षा पातळ). मागे २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवतो, कारण त्याहून जास्त भरली की ओल्या मुळांवर चाक सटकतं. मित्र म्हणतात, एकदाची कार्बन घे, कटकट मिटेल. तिन्ही रिमचे फोटो सोबत जोडतो. कोणती रिम घेऊ?

उत्तर : फोटो पाठवलेत हे फार चांगलं केलंत. पत्रावरून एवढं कळलं नसतं. तुमच्या तिन्ही रिम तीन वेगवेगळ्या कारणांनी गेल्या आहेत.

पहिल्या रिमचे पोचे समोरासमोर आहेत. डावी कडा जिथे दबली आहे, बरोबर तिथेच उजवीही दबली आहे. म्हणजे चाक उभं असताना दगडावर आदळलं, टायर पार चेपला आणि दोन्ही कडा दगडावर बसल्या. हे कमी हवेचं काम. दुसऱ्या रिमला पोचे एकाच कडेला आहेत, आणि तेही ओळीने चार-पाच. बाइक वळणात झुकलेली असताना ती कडा दगडांवरून गेली आहे. तिथे हवेइतकीच रिमची रुंदी नडली. तिसऱ्या रिमला पोचा जवळपास नाहीच. तडा चेनच्या बाजूच्या भोकातून निघून शेजारच्या भोकाकडे चाललाय. तो आऱ्यांच्या ताणाचा आहे, त्या रिमवर दगडांनी काहीच केलेलं नाही.

आधी हवेचं बोलू, कारण यातली सगळ्यात महाग चूक तीच आहे. ८६ किलोच्या माणसाने एन्ड्युरो केसिंगवर मागे २२ पीएसआय ठेवून दगडांच्या पट्ट्यात वेगाने शिरायचं म्हटलं तर कुठल्याही रिमला पोचे पडणारच. मुळांवर पकड हवी म्हणून तुम्ही हवा कमी करता, ते मला पटतं. पण ती पकड दुसरीकडून मिळवा. मागे दुपदरी डाउनहिल केसिंगचा टायर घाला. त्याची बाजूची भिंत स्वतःच जाड असते, त्यामुळे चाक वळणात लोळत नाही आणि दगडावर टायर लवकर तळाला जात नाही. रबर मऊ प्रतीचं घ्या. मग मागे २७-२८ पीएसआयपासून सुरुवात करा, पुढे २३-२४. त्यानंतर एकेक पीएसआय कमी-जास्त करत तुमचा आकडा शोधा, आणि गेज दर वेळी तेच वापरा. दोन गेज एकच आकडा दाखवतीलच असं नाही, आणि इथे दोन पीएसआयचा फरक म्हणजे रिम राहणं किंवा जाणं. टायरच्या आत फोमचा इन्सर्ट घातलात तर आणखी बरं. चाकामागे दीडशे ते अडीचशे ग्रॅम वाढतात, टायर चढवताना घाम निघतो, पण टायर तळाला गेला तरी रिमची कडा आणि दगड यांच्यामध्ये काहीतरी राहतं.

आता रुंदी. ३५ मिलिमीटरच्या रिमवर २.४ चा टायर चढवला की टायरच्या भिंती जवळजवळ सरळ उभ्या राहतात. टायरचं पोट रिमच्या बाहेर पुरेसं येत नाही आणि रिमची कडा उघडी पडते. तुमच्या दुसऱ्या रिमचं तेच झालंय. २.४ किंवा २.५ च्या टायरला आतून ३० मिलिमीटर पुरे. त्याहून रुंद रिम डाउनहिलला मी कुणाला सुचवत नाही.

रिम ॲल्युमिनियमची घ्या, ३२ भोकांची, आणि वजनाकडे पाहून नाक मुरडू नका. २९ इंची रिम साडेपाचशे ते सहाशे ग्रॅमची असेल तर ते जास्तीचं ॲल्युमिनियम कडांच्या आणि भोकांखालच्या जाडीत गेलेलं असतं. तुम्हाला ते तिथेच हवंय. साडेचारशे ग्रॅमची रिम ट्रेलसाठी, म्हणजे साध्या डोंगरवाटांसाठी, उत्तम आहे, तुमच्या वाटेवर ती उपयोगाची नाही. डीटी स्विसची एफआर मालिका किंवा स्पँकची स्पाइक यासारख्या रिम याच कामासाठी काढलेल्या आहेत. कुठल्याही कंपनीची घेतलीत तरी माहितीपत्रकात एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा वापराचा वर्ग पाहा. तो १ ते ५ असतो आणि डाउनहिलला ५ लागतो. रिमचा जोड वेल्ड केलेला असेल तर मला जास्त आवडतो, पण आत तुकडा घालून नीट बसवलेला स्लीव्हचा जोडही वर्षानुवर्षं टिकलेला पाहिलाय, तेवढ्यासाठी चांगली रिम सोडू नका.

मऊ ॲल्युमिनियम की कडक, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दुकानात उभे राहिलात की समोर येईल. कडक मिश्रधातूची रिम पोचा उशिरा घेते, पण मर्यादेबाहेर गेली की तडकते. जरा मऊ असलेली रिम लवकर दबते, मात्र दबून धरून ठेवते आणि तुम्हाला खाली पोचवते. मागच्या चाकाला मी डोळे मिटून दुसरी निवडते.

याचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी सरावाच्या दिवशी माझ्या मागच्या रिमवर एका भोकापासून केसाएवढी बारीक रेघ दिसली. चिखल असेल म्हणून मी अंगठ्याने पुसली. पुसली गेली नाही. शेवटची फेरी आहे, घरी गेल्यावर बघू म्हटलं. तिसऱ्या उडीवर खाली आले आणि ती रेघ उघडली. दोन आरे एकदम सुटले, चाक फ्रेमला अडकलं आणि माझी कॉलरबोन मोडली. तेव्हापासून प्रत्येक दिवसाच्या शेवटी मी ओल्या फडक्याने रिमचा आतला भाग पुसते आणि एकेक निपल, म्हणजे आरा रिमला धरून ठेवणारा छोटा नट, बघत जाते. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हीही करा, अगदी आजपासून.

म्हणून तुमच्या तिसऱ्या रिमबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. चेनच्या बाजूचे आरे कुणीतरी नको इतके आवळले असणार. मागच्या चाकात कॅसेटमुळे, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांमुळे, त्या बाजूचे आरे जास्त उभे बसतात, त्यामुळे चाक मध्यभागी राहण्यासाठी त्यांच्यावर ताणही जास्त घ्यावा लागतो. आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना घाईतला कारागीर तीच बाजू आवळत जातो, कारण चाक पटकन सरळ दिसतं. रिमना कमाल ताणाची मर्यादा असते, बहुतेकांची १२०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण १२० किलोच्या आसपास. ताण मोजायचं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच चाक विणून घ्या. आऱ्यांची भोकं मध्यापासून एका बाजूला सरकवलेली असममित रिम मिळाली तर दोन्ही बाजूंचा ताण बराच जवळ येतो, मागच्या चाकाला ती जरूर घ्या. निपल पितळी घाला. ॲल्युमिनियमच्या निपलने चाकामागे जेमतेम वीस ग्रॅम वाचतात, आणि हंगाम संपता संपता त्यांच्या माना तुटायला लागतात.

नवं चाक विणल्यावर दोन-तीन दिवस चालवून परत ताण तपासा. यंत्र नसेल तर एकाच बाजूचे शेजारशेजारचे दोन आरे मुठीत धरून दाबत चला, आणि नखाने छेडून आवाज ऐका. एका बाजूचे सगळे साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत. मधेच एखादा ठप्प वाजला तर तो ढिला आहे, त्याचं काम शेजारचे दोघे करतायत आणि पुढचा तडा तिथेच जाणार.

कार्बनबद्दल माझ्या मनात अढी नाही. सांताक्रूझ सिंडिकेट हा डाउनहिल संघ विश्वचषकात कार्बनच्या रिमवर उतरलेला आहे. कार्बनला पोचा पडत नाही, चाक सरळ राहतं, आऊट क्वचितच काढावा लागतो, आणि काही कंपन्या आयुष्यभराची हमीही देतात. पण कार्बन आहे तोवर आहे, गेली की तडकूनच जाते. २२ पीएसआयवर तुम्ही तीही फोडाल, आणि बदली येईपर्यंत हंगामातले आठवडे जातील. हौस असेल तर पुढच्या चाकाला लावा, तिथे मार कमी बसतो. मागे ॲल्युमिनियम, आणि तीच रिम आणखी एक विकत घेऊन घरी ठेवा. रिम तीच असली की आऱ्यांची लांबी तीच राहते. जुन्या रिमला नवी रिम चिकटपट्टीने बांधून एकेक आरा या रिममधून त्या रिममध्ये घालत जायचं, विण उसवावी लागत नाही.

प्रश्न : मागच्या रिमला एकच पोचा पडलाय, नखाएवढा. टायर अजून हवा धरतोय. सरळ करू का?

उत्तर : हवा धरत असेल आणि तडा नसेल तर हात लावू नका. ॲल्युमिनियम प्रत्येक वाकवण्याने ठिसूळ होतं, सरळ करणं हेही वाकवणंच आहे.

हवा सुटायला लागली तर मात्र करा. टायर आणि टेप काढा. पोच्याची जागा स्पिरिटने पुसून उजेडात नीट पाहा, रेघ दिसली तर इथेच थांबा, ती रिम संपली. नसेल तर स्क्रू पाना घ्या, त्याच्या जबड्यांना दोन-तीन पदर चिकटपट्टी लावा आणि जबडे कडेवर पोच्याएवढेच घट्ट बसवा. झटका द्यायचा नाही. आधी पोच्याच्या एका टोकाला थोडं, मग दुसऱ्या टोकाला, आणि मध्य सगळ्यात शेवटी. धातू हळूहळू येताना हाताला कळतो. अगदी पहिल्यासारखी रेषा आणायच्या मागे लागू नका, टायरची कड बसण्याइतकं सरळ झालं की पुरे. गरम तर अजिबात करू नका, तापवलं की ॲल्युमिनियमवर केलेली कडकपणाची प्रक्रिया निघून जाते. टेप नवी लावा. त्याच जागी पुन्हा पोचा पडला तर दुसऱ्यांदा सरळ न करता रिम बदला.

प्रश्न : पुढे २९ इंची आणि मागे २७.५ इंची चाक केलं तर मागची रिम जास्त टिकेल का?

उत्तर : थोडी टिकेल. टायर बसतो तिथे २९ च्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो, २७.५ च्या रिमचा ५८४. लहान चाकाचे आरे आखूड, त्यामुळे ते आडव्या माराला जास्त ताठ उभं राहतं. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१९ पासून मिश्र चाकांना परवानगी दिली आणि स्पर्धांमध्ये ती पाहता पाहता रुळली, पण त्यामागे मुख्य कारण वळणातली चपळाई आणि उतारावर मागच्या टायरला न घासणारं बूड हेच होतं. उलट लहान चाक दगडांमधल्या खळग्यांत जरा खोल उतरतं आणि कडेवर ठोका जास्त खातं. शिवाय फ्रेम निव्वळ २९ साठीची असेल तर पेडल खाली येतील आणि फोर्कचा कोन मागे झुकेल. फ्रेममध्ये फ्लिप चिप (फ्रेमचा कोन बदलण्यासाठी उलटवायचा छोटा तुकडा) किंवा सस्पेन्शनची वेगळी लिंक बसवायची सोय असेल तरच करा. केवळ रिम वाचवायला म्हणून करत असाल, तर आधी मागच्या टायरचं केसिंग बदलून पाहा.