कुवेतसारखे देश परदेशी कामगारांवर इतके अवलंबून का आहेत? हे सगळे कामगार परत गेले तर तिथे काय होईल?

सगळे एकदम परत गेले तर आठवडाभरसुद्धा चालणार नाही. पण सगळे एकदम कधीच जात नाहीत. एक गट जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. बाकीच्या आखाती देशांचं मला ऐकून माहीत आहे. कुवेत मात्र बारा वर्षं पाहिलंय, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

मी चिपळूणजवळचा. आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड केला आणि २००९ मध्ये एका मेंटेनन्स कंपनीत एसी टेक्निशियन म्हणून गेलो. पगार ९० दिनार. तेव्हा दिनार १६५-१७० रुपयांना होता, म्हणजे पंधरा हजार रुपये. एजंटाने त्याआधी माझ्याकडून किती घेतले ते सांगत नाही, घरचे अजून तो विषय काढतात. पण एसीवाला असण्याचा एक फायदा झाला. बंगले, मंत्रालयं, दवाखाने, मशिदी, सगळीकडे आत शिरायला मिळालं. देशाचा गाडा कोण ओढतं हे गच्चीवरून फार छान दिसतं.

सलवा भागातल्या एका तीन मजली घरातली ऑगस्टमधली एक दुपार डोळ्यांसमोर आहे. गच्चीवर सहा पॅकेज युनिटं, म्हणजे मोठे एसी, त्यातली दोन प्रेशर वाढून आपोआप बंद पडत होती. कुवेतच्या वाळवंटात मित्रिबा नावाचं ठिकाण आहे, तिथे २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. जगातल्या सर्वांत वरच्या नोंदींपैकी ती एक. शहरात त्याहून थोडं कमी असेल, पण पत्र्याच्या गच्चीवर ते कळत नाही. पाना ओल्या फडक्यात गुंडाळून धरायचा, नाहीतर तळहाताला फोड. कंडेन्सरवर पाण्याचा पाइप सोडायचा आणि प्रेशर उतरायची वाट बघायची. जून ते ऑगस्ट अकरा ते चार उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. पण घरात म्हातारं माणूस असेल आणि एसी बंद पडला असेल, तर आमची कंपनी त्याला ‘इमर्जन्सी’ म्हणायची आणि आम्ही जिना चढायचो.

त्या घरात कुवेती माणसं सात. त्यांच्या दिमतीला ड्रायव्हर श्रीलंकेचा, स्वयंपाकी आंध्रातल्या कडप्प्याचा, दोन बायका फिलिपिन्सच्या. माझा हेल्परही कडप्प्याचाच निघाला. स्वयंपाक्याने त्याला तेलुगूत गाठलं आणि पाच मिनिटांत दोघांना एक सामाईक नातेवाईक सापडला. बाहेर पाण्याचा टँकर आला होता, त्यावर पठाण. घरातले म्हातारे हज्जी आम्हाला सावलीत बसवून ताक देत म्हणाले, “गर्मी बहुत है, आराम से करो.” त्यांचे वडील बसऱ्याकडचा खजूर गलबतातून मुंबईला आणायचे. जुन्या पिढीतल्या अनेक कुवेती माणसांना मुंबईची हिंदी येते. त्यांच्या बोलीत आजही सरळ म्हणजे ‘सीदा’, बूट म्हणजे ‘जूती’ आणि पंखा म्हणजे ‘पंका’. १९६१ पर्यंत कुवेतमध्ये चलनही रुपयाचंच होतं. म्हणजे एकेकाळी पोटासाठी समुद्र ओलांडून आपल्याकडे येणारे ते होते. मोत्यांचा धंदा बुडालेला, गावात प्यायचं पाणीसुद्धा शत्त-अल-अरब नदीवरून होड्यांनी यायचं.

१९३८ ला बुरगानला तेल लागलं, १९४६ पासून ते बोटीवर चढायला लागलं, आणि सगळं उलटं फिरलं.

आता मूळ प्रश्न. लोक म्हणतात कुवेती आळशी आहेत. मला हे कारण कधीच पटलं नाही. आळस सगळीकडे असतो, आमच्या आळीतही आहे. खरी गोष्ट अशी की तिथली व्यवस्थाच अशी बांधलेली आहे. तेलाचा पैसा सरकारच्या हातात येतो. तो नागरिकांपर्यंत पोचवायचा कसा? तर सरकारी नोकरीतून. नागरिकाला काम मिळवून देण्याची जबाबदारी तिथल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात राज्यावर टाकलेली आहे. नोकरी करणाऱ्या कुवेतींपैकी दहातले आठ सरकारी खात्यात असतात. सकाळी सातला सुरू, दोनच्या सुमारास घरी, आणि पदवीधर मुलाला सुरुवातीलाच हजार दिनारच्या आसपास. एवढं सोडून तो गच्चीवर पाना घेऊन का चढेल? तुम्ही-आम्ही तरी चढलो असतो का?

मग खासगी धंद्याला माणसं कुठून आणायची? बाहेरून. मालकाच्या दृष्टीने बाहेरचा माणूस फक्त स्वस्त नाही, तर बांधलेला आहे. ‘कफाला’ म्हणतात ती हीच पद्धत. तुमचा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कफीलाच्या, म्हणजे तुम्हाला आणणाऱ्या मालकाच्या, नावावर. त्याच्या ‘रिलीज’शिवाय दुसरीकडे जाता येत नाही. न सांगता काम सोडलं तर तो ‘तगय्युब’ टाकतो, म्हणजे माणूस पळाला अशी तक्रार, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बेकायदा. २०१६ मध्ये नियम जरा सैल झाला, तीन वर्षं भरली की नोटीस देऊन बदली घेता येऊ लागली. पण घरकामगारांचा व्हिसाच वेगळा, त्याला आमच्याकडे ‘खादिम व्हिसा’ म्हणतात, त्यांचं ते तसंच राहिलं. माझा पासपोर्ट पहिली चार वर्षं कंपनीच्या तिजोरीत होता. तो असा ठेवणं बेकायदा आहे हे मला पाचव्या वर्षी कळलं.

खासगी कंपन्यांत कुवेती घ्यावेत म्हणून सरकारने प्रयत्न केले नाहीत असं नाही. कोटा आहे, आणि खासगी नोकरी धरणाऱ्या नागरिकाला सरकार वरून वेगळा भत्ताही देतं. पण कोणत्या मालकाला १२० दिनारात राबणारा, मधेच सोडून न जाणारा माणूस नको असेल?

आकडे थोडक्यात सांगतो. लोकसंख्या ४८-४९ लाख, त्यात कुवेती १५ लाखांच्या आसपास. भारतीय दहा लाख, म्हणजे देशातला दर पाचवा माणूस आपला, आणि कामगारांत तर जवळपास तीस टक्के. दर दोन कुवेतींमागे साधारण एक घरकामगार.

लोकांच्या नजरेतून सुटणारी बाजू पुढे आहे. परदेशी माणूस तिथे नुसता काम करत नाही, त्याच्या तिथे असण्यावरही कुवेतींना पैसा मिळतो. आम्हाला जमीन किंवा घर विकत घेता येत नाही, म्हणून आम्ही सगळे भाडेकरू आणि सगळ्या इमारती कुवेती मालकांच्या. जलीब, म्हणजे आपले लोक ज्याला अब्बासिया म्हणतात, तिथे एका खोलीत आम्ही सहा जण होतो, बंक बेडवर. मालकाला एका कुटुंबापेक्षा सहा बॅचलर परवडतात. परक्याला दुकान काढायचं तर ५१ टक्के भागीदार कुवेती हवा. तो दुकानात पाऊलही टाकत नाही, वर्षाचा हिशोब मात्र घेतो. आणि सगळ्यांत वाईट धंदा व्हिशाचा. तिथल्या वर्तमानपत्रांत त्याला सरळ ‘अकाम्यांचा व्यापार’ म्हणतात. कागदावर कंपनी काढायची, शंभर माणसांचे परवाने मिळवायचे, ते विकायचे. कामच नसतं. माझ्या खोलीतला बिहारचा एक मुलगा असा आला होता. दर वर्षी अकामा नव्याने करायचा म्हणून त्या न पाहिलेल्या कफीलाला पैसे भरायचा आणि बाहेर मिळेल ते काम करायचा. ह्याला आपली पोरं ‘आझाद व्हिसा’ म्हणतात. आझाद!

म्हणून जेव्हा जेव्हा परदेशी कमी करा अशी हाक उठते, तेव्हा घरमालक, व्यापारी, कंत्राटदार मनातून नाराजच असतात. राग मात्र खरा असतो. दवाखान्यात गर्दी, रस्त्यावर गर्दी, त्याचं खापर आमच्यावर. २०१३ मध्ये जहराच्या सरकारी दवाखान्यात सकाळची बाह्यरुग्ण वेळ कुवेतींसाठी आणि संध्याकाळची परदेशींसाठी असा प्रयोग सुरू केला. नर्स दोन्ही वेळेला केरळचीच.

१२ जून २०२४ ला पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या सात मजली इमारतीला आग लागली आणि चाळीसहून जास्त भारतीय गेले, बरेचसे केरळचे. मी तेव्हा इथे होतो. टीव्हीवर ती इमारत बघताना जिना कसा असेल, बेड कसे लावलेले असतील, हे न सांगता कळत होतं. त्यानंतर अशा इमारतींवर धडक कारवाई झाली. त्यात बेघर झालेल्या मुलांचे फोन मला चिपळुणात येत होते, कुठे बेड स्पेस आहे का म्हणून.

आता ‘परत गेले तर’. हे एकदा होऊन गेलंय. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं. तोवर देशातल्या शिक्षक, इंजिनिअर, कारकून, हिशोबनीस ह्यांत पॅलेस्टिनी मोठ्या संख्येने होते, चार लाखांच्या आसपास, काहींची तिसरी पिढी तिथे वाढत होती. पॅलेस्टिनींचे नेते अराफत सद्दामच्या बाजूने उभे राहिले. ह्यांतले निम्म्याच्या आसपास लोक इराकच्या ताब्याच्या काळातच निघून गेले. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत सुटलं आणि पुढच्या काही महिन्यांत उरलेलेही जवळजवळ सगळे गेले किंवा घालवले गेले. पुन्हा परदेशींचं बहुमत होऊ द्यायचं नाही असं तेव्हा सरकारने बोलूनही दाखवलं. शाळा, बँका, ऑफिसं त्यांच्याशिवाय चालतील असं कुणाला वाटलं नव्हतं. चालली. इजिप्तचे आले, आपले आले, आणि काही वर्षांत परदेशींचा टक्का होता तिथेच येऊन बसला.

दुसरी खेप २०२० ची. करोना, तेलाचे भाव पडलेले. जूनमध्ये तिथल्या पंतप्रधानांनी सांगितलं की परदेशी ७० टक्के आहेत ते ३० टक्क्यांवर आले पाहिजेत. संसदेत भारतीयांना १५ टक्क्यांची मर्यादा घालणारा मसुदा आला आणि आपल्या पेपरांत ‘आठ लाख भारतीयांवर संकट’ असे मथळे झळकले. घरून रोज फोन. प्रत्यक्षात लाखाच्या घरात लोक गेलेही, विमानं बंद असल्याने सुट्टीवर गेलेले अडकले, आणि २०२१ च्या उन्हाळ्याआधी एसीवाला मिळेना. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, जो आधी रजेचा अर्ज टेबलावरून खाली ढकलायचा, तो स्वतः चहा पाजून ओव्हरटाइम विचारायला लागला. मला वाटलं आता पगार वाढेल. वाढला, दहा दिनार. तेवढ्यात विमानं सुरू झाली.

ह्यावरून माझं मत असं झालंय की देश आमच्यावर अवलंबून आहे हे शंभर टक्के खरं, पण तो कुणा एकावर, कुणा एका देशावर अवलंबून नाही. म्हणूनच एवढी गरज असूनही कामगाराच्या हातात घासाघीस करायची ताकद येत नाही.

आमचा फोरमन राजापूरकडचा, आम्ही सगळे चाचा म्हणायचो. १९८४ ला गेलेले. नव्वदच्या लढाईत बसने बगदाद, तिथून अम्मान आणि मग एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय असे आणले गेले. एक्क्याण्णवमध्ये कंपनीची तार आली, चाचा परत गेले. स्टोअरमध्ये गेले तर पॅलेस्टिनी स्टोअरकीपरच्या खुर्चीवर एक मल्याळी पोरगा बसलेला. “त्याचा चष्मा अजून ड्रॉवरमध्ये होता रे,” एवढंच ते सांगायचे.

२०२१ च्या जानेवारीपासून साठी ओलांडलेल्या, पदवी नसलेल्या माणसांचा अकामा वाढवणं बंद केलं. चाचा बासष्टचे, शिक्षण सातवी. एका जुन्या इमारतीतला चिलर प्लँट, म्हणजे अख्खी इमारत थंड ठेवणारी यंत्रणा, त्याचा वॉल्व्हन् वॉल्व्ह त्यांना पाठ. त्याचे नकाशे कुणाकडेच नव्हते, ते चाचांच्या डोक्यात होते. पुढे सरकारने तो नियम मागे घेतला आणि भरमसाठ विमा व फी लावून परवानगी दिली, पण तोवर चाचा राजापुरात पोचले होते. मीही त्याच वर्षी जूनमध्ये आलो आणि दुकानाचा गाळा बघत होतो तोच जुलैचा पूर आला, ती वेगळी कथा.

चाचांच्या जागी तिशीतला एक माणूस घेतला, पगार निम्मा. त्या उन्हाळ्यात चाचांना कुवेतहून व्हिडिओ कॉल यायचे. ते पडवीत खुर्ची टाकून बसायचे, मोबाइल डोळ्यांजवळ धरायचे आणि ओरडायचे, “वो नै, उसके पीछेवाला, लाल हँडल!” पहिल्या वर्षी आठ-दहा वेळा फोन आला. दुसऱ्या उन्हाळ्यात दोनदा. त्यानंतर आला नाही.