पाढे पाठ, पण पट्टी वाचता येईना

"मॅडम, हिला तिसापर्यंतचे पाढे पाठ आहेत, तोंडी हिशोब पटापट करते. पण मापनाच्या चाचणीत दहापैकी दोन. डिस्कॅल्क्युलिया म्हणतात तो हाच का?"

नाशिकच्या सिडकोतल्या एका आईचा हा प्रश्न. डिस्कॅल्क्युलिया म्हणजे आकडे आणि गणितापुरती असलेली अध्ययन अक्षमता. लेक चौथीत. तिसरी-चौथीच्या पालकांकडून हाच प्रश्न थोड्याफार फरकाने नेहमी येतो, म्हणून ही केस लिहिते आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, तपासणी विभागात. त्यांच्या बोलण्यात काळजीपेक्षा वैताग जास्त होता. "मी दिवसभर व्हर्निअरच्या बारीक मोजपट्टीवर ०.०२ मिलिमीटर वाचतो, आणि हिला साधी फूटपट्टी वाचता येत नाही. लक्षच नसतं हिचं."

मी चाचणीचा पेपर मागून घेतला. मला चुकलेली उत्तरं आधी वाचायची सवय आहे. बरोबर उत्तरावरून मुलाने डोकं कसं चालवलं ते फारसं कळत नाही. एका चित्रात पेन्सिल पट्टीवर २ पासून ९ पर्यंत ठेवलेली. लांबी ७ सेंटीमीटर, हिने लिहिलं ८. मापपात्रावर ०, २००, ४०० असे आकडे, दोन आकड्यांमध्ये चार घरं, आणि पाणी २०० च्या पुढच्या तिसऱ्या रेघेवर. उत्तर ३५० मिलिलिटर, हिचं २०३. वजनकाट्यावर १ आणि २ किलोच्या मध्ये दहा घरं, काटा चौथ्या रेघेवर. हिचं उत्तर १ किलो ४ ग्रॅम.

लक्ष नसलेलं मूल असं चुकत नाही. त्याच्या चुका कुठेही, कशाही पडतात. हिच्या तिन्ही चुका एकाच नियमाने झाल्या होत्या: रेघा मोजायच्या, आणि प्रत्येक रेघ एकाची धरायची. हा नियम तिने हवेतून काढला नव्हता. पहिली-दुसरीच्या संख्यारेषेवर तो बिनचूक चालतो, कारण तिथे प्रत्येक रेघेखाली आकडा असतो आणि पुढची रेघ म्हणजे एक अधिक. पुढे मापपात्रावर बहुतेक रेघांखालचे आकडे गायब होतात. नियम बदलला हे मात्र तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"ही पेन्सिल कशी मोजलीस, दाखव बरं," मी तिला म्हटलं. तिने रेघांवर बोट ठेवत मोजलं: दोनची एक, तीनची दोन... नऊपर्यंत आठ. मी टेबलावरच्या आगपेटीतल्या काड्या तोडून एकेक सेंटीमीटरचे तुकडे केले आणि पेन्सिलीच्या चित्राखाली ओळीने मांडायला लावले. सात तुकड्यांत पेन्सिल संपली. तिने पुन्हा रेघा मोजल्या, पुन्हा तुकडे मोजले, आणि म्हणाली, "रेघा एक जास्त येतात!" त्यावर मी काहीच समजावलं नाही. गरज नव्हती.

पट्टीचा प्रश्न तिथे सुटला, मापपात्राचा नाही. तिथे घर मोजून भागत नाही, घराची किंमत काढावी लागते. इथे मला गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आठवला, ज्या मूर्तीवरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. नाशिकचं मूल असल्यामुळे पुराच्या गप्पा तिने ऐकलेल्याच होत्या. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत गेलं, असंच सगळे बोलतात. मी विचारलं, "गुडघ्यापासून कमरेपर्यंत पाणी चढलं आणि मग कमरेपासून छातीपर्यंत. दोन्ही वेळा सारखंच चढलं का?" ती स्वतःच्या गुडघ्यापासून वर हात नेत म्हणाली, "नाही, सारखं नाहीये ते." मग सारख्या घरांचं माप करायला तिला कागदाची एक लांब पट्टी दिली. एका टोकाला २००, दुसऱ्या टोकाला ४००. मधोमध घडी घाल, तिथे काय येईल? तीनशे, लगेच. आता पुन्हा अर्ध्यात दुमड. पट्टी उघडली तेव्हा तीन घड्या आणि चार घरं दिसली. २५० आणि ३५० तिने आपणहून लिहिले आणि मग पेपरातल्या त्या २०३ कडे बघून हसली.

तोवर वडील गप्प होते. मी त्यांना विचारलं, "कारखान्यात नवा मुलगा आला की व्हर्निअर हातात देण्याआधी काय विचारता?"

"लीस्ट काउंट. एक घर कितीचं तेच माहीत नसेल तर वाचून काय उपयोग?" बोलता बोलताच ते लेकीकडे वळले. घरी व्हर्निअर आणून दाखवू का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. नको म्हटलं. तिचे दशांश अपूर्णांक अजून व्हायचे आहेत. याच कारणाने तापमापकही तूर्त बाजूला ठेवायला सांगितला. फॅरनहाइटच्या काचेच्या तापमापकावर ९८ आणि ९९ मध्ये पाच घरं असतात, एकेक ०.२ चं, आणि चौथीच्या मुलीला तो गुंता कशाला? स्वयंपाकघरातलं मापपात्र, भाजीवाल्याचा काट्याचा वजनकाटा, बाबांच्या दुचाकीचा स्पीडोमीटर एवढं पुरे. आधी दोन आकड्यांमधला फरक, मग मधली घरं मोजून भागाकार, आणि वाचन सगळ्यात शेवटी. उत्तर चुकलं तर "नीट बघ" म्हणायचं नाही. "एक घर कितीचं?" एवढंच विचारायचं. "नीट बघ" ही सूचना मला मुळातच निरुपयोगी वाटते. मूल नीटच बघत असतं, फक्त रेघांकडे.

आता आईचा मूळ प्रश्न. डिस्कॅल्क्युलियाची शंका मी केव्हा घेते? मूल दोन लहान संख्यांत मोठी कोणती हे चाचपडत सांगतं, सोपी बेरीज वर्षानुवर्षं बोटांवरच राहते, पाठ केलेलं आठवड्यात पुसलं जातं, सुट्टे पैसे आणि घड्याळ दोन्हींत गोंधळ होतो, आणि भरपूर सराव करूनही हे हलत नाही, तेव्हा. अध्ययन अक्षमतेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्थान आहे, आणि तिसरीच्या किंवा आठ वर्षांच्या सुमारास रीतसर तपासणी करता येते. अशी लक्षणं असतील तर ती जरूर करावी, लपवू नये. या मुलीत त्यातलं एकही नव्हतं. एका धड्यातल्या गुणांवरून तपासणीला धावायचं कारण नाही, असं मी आईला स्पष्ट सांगितलं.

काही आठवड्यांनी दोघी पुन्हा आल्या. पट्टी आणि वजनकाटा आता जमत होते. दर १०० ला चार घरं असलेल्या मापपात्रावर मात्र ती अडली. कुठे अडली ते तिनेच सांगितलं: "एक घर कितीचं ते काढायचं कळतं, पण शंभर भागिले चार येत नाही." हा भागाकाराचा सराव आहे, तो शाळेतल्या बाई करून घेतील. त्यासाठी सिडकोतून माझ्यापर्यंत यायची गरज नाही म्हणून मी तिची फाइल बंद केली.