बेळगावातली नोकरी सोडून मॅन्युफॅक्चरिंगमध्ये एम.टेक. करावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही खानापूर तालुक्यातले, बी.ई. मेकॅनिकल झालात आणि दोन वर्षं मच्छेच्या एका मशीन शॉपमध्ये हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीच्या लाइनवर आहात. होनिंग (भोक आतून घासून गुळगुळीत करणं) झाल्यावर बोअर, म्हणजे ते भोक, ओव्हल निघतो, का निघतो ते कुणी नीट सांगत नाही. एम.टेक. करायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात हातची नोकरी सोडू नको. याचा उपयोग होईल का, असं विचारलंय.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तीन वर्षं काढून मग एम.टेक.ला गेलो, आणि परत इथेच आलो. तेव्हा माझ्यापुरतं सांगतो. पगारासाठी जात असाल तर घाई करू नका. आपल्याकडच्या लहान कारखान्यांत डिग्री बघून पगार ठरत नाही, काम बघून ठरतो, आणि माझा पगार परत आल्यावर पहिली दोन वर्षं फारसा हलला नव्हता. पण तुम्ही त्या ओव्हल बोअरचं ज्या तऱ्हेनं लिहिलंय ते वाचून वाटतं, तुम्ही जावं.

माझं काय झालं ते ऐका. आमच्याकडे एसजी आयर्नचं (मॅग्नेशियम घालून बनवलेलं चिवट बीड) एक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, होतं. दिसायला देखणं, बाहेरून कुठे डाग नाही. पण गिऱ्हाइकाकडे मशीनिंगला गेलं की एका जाड कोपऱ्यात पोकळी उघडी पडायची. श्रिंकेज, म्हणजे गोठताना धातू आकसून राहिलेली पोकळी. मग लॉटच्या लॉट परत. आम्ही काय केलं, तर रायझर, म्हणजे आकसणाऱ्या कास्टिंगला वितळलेला धातू पुरवणारा जोडसाठा, मोठा केला. पोकळी जागा बदलून दुसरीकडे गेली. मग आणखी मोठा केला. आता रायझरमध्येच इतकं लोखंड जायला लागलं की कास्टिंग परवडेना. रोज संध्याकाळी मीटिंग, रोज नवा तर्क: मॅग्नेशियम कमी पडलं, ओतायला उशीर झाला, कार्बन वाढवा, कार्बन कमी करा.

मोल्डिंगला एक वयस्कर गडी होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते एकदा साच्याच्या बाजूच्या भिंतीला अंगठा लावून म्हणाले, "इथं वाळू मऊ बसलीय बघ." मी ऐकलं, मान डोलावली आणि विसरलो. मऊ वाळूचा श्रिंकेजशी संबंध काय, हे मला कुठे ठाऊक होतं!

पुण्याला दुसऱ्या सेमिस्टरला सॉलिडिफिकेशन शिकताना तो संबंध लागला. आधी च्वोरिनोव्हचा नियम आला. कास्टिंग गोठायला लागणारा वेळ त्याचं आकारमान भागिले थंड होणारं क्षेत्रफळ, या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे ५० मिलिमीटरच्या ठोकळ्याऐवजी १०० मिलिमीटरचा ठोकळा घेतला तर वेळ दुप्पट नाही, चौपट. आम्ही रायझर डोळ्यांच्या अंदाजानं वाढवत होतो, इथे त्याचं गणित होतं. पण खरी गोष्ट पुढे होती. बहुतेक धातू गोठताना नुसते आकसतात. ग्रे आणि एसजी आयर्नमध्ये मात्र गोठताना कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो, आणि ग्रॅफाइट लोखंडापेक्षा कितीतरी हलकं असल्यामुळे जास्त जागा घेतं. म्हणजे धातू आतून फुगतो. साचा घट्ट असेल तर हा फुगवटा आतल्या पोकळ्या भरून काढतो. साचा मऊ असेल तर भिंतच मागे सरते, कास्टिंग किंचित मोठं होतं आणि आत पोकळी राहते. त्या दिवशी वर्गात मला मामांचा अंगठा आठवला. पुढचं अर्धं लेक्चर मी ऐकलंच नाही.

माझं डेझर्टेशन मी त्याच कास्टिंगवर केलं. जुन्या मालकांना फोन केला, त्यांनी सुट्टीत शॉप वापरू दिलं. साच्याची हार्डनेस आम्ही नेहमी वरून मोजत होतो, तिथे आकडा चांगला यायचा. बाजूच्या उभ्या भिंतीवर मोजली तर बरीच कमी. कारण साधं निघालं: पॅटर्न, म्हणजे साच्याला आकार देणारा नमुना, प्लेटवर अशा जागी बसवला होता की एका बाजूला पॅटर्न आणि बॉक्सची भिंत यांच्यात वाळू दाबली जायला जागाच नव्हती. पॅटर्न सरकवला, रायझर पुन्हा लहान केला. रिजेक्शन उतरलं. हे सांगायला मी आधी मामांकडे गेलो, गाइडकडे नंतर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रिकाम्या हातानं जाऊ नका, शॉपमधला प्रश्न बरोबर घेऊन जा. माझ्या वर्गात बी.ई. संपवून थेट आलेली मुलं माझ्यापेक्षा हुशार होती, उष्णतावहनाची समीकरणं पटापट सोडवायची. मला महिना महिना लागायचा. पण ते समीकरण कशाला मांडलंय हे मला दिसायचं. मेटल कटिंगला टेलरचं टूल लाइफचं, म्हणजे कापणारं हत्यार किती वेळ टिकेल त्याचं, सूत्र आलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर इन्सर्ट बदलणारा ऑपरेटर होता. स्टॅटिस्टिक्सला सीपीके (काम ठरलेल्या मापात किती खात्रीनं बसतं त्याचा आकडा) आला तेव्हा गिऱ्हाइकाचं १.३३ मागणारं पत्र होतं. तुमची ही दोन वर्षं वाया गेलेली नाहीत.

आता व्यवहाराचं. गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, द्याच. मेकॅनिकलवाल्याला मेकॅनिकलचा पेपर देता येतो, किंवा प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा. दुसऱ्यात कास्टिंग, मशीनिंग, मेट्रॉलॉजी, क्वालिटी यांना जास्त वजन आहे, पण कुठल्या कॉलेजात कुठला पेपर चालतो ते आधी बघा. स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे नोकरीत राहून एकदा देऊन बघायला काही जात नाही. गेटवर प्रवेश मिळाला तर एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, शिष्यवृत्ती महिना १२,४०० रुपये, दोन वर्षं. त्यात घर चालत नाही, पण घरच्यांकडे हात पसरावा लागत नाही, आणि तुमच्या आई-वडिलांना हा आकडा आधी सांगा. आयआयटीचे प्रवेश कोॲप या ऑनलाइन पोर्टलमधून होतात, एनआयटीचे सीसीएमटी या सामायिक प्रवेशप्रक्रियेतून. गेट नसेल तर कर्नाटकात पीजीसीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा आहे. आपल्या गावातच व्हीटीयूचं, म्हणजे राज्याच्या तंत्र विद्यापीठाचं, मुख्यालय आहे आणि उद्यमबागेत दोन जुनी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तेव्हा बाहेर जाणं जमणार नसेल तर लाज वाटून घेऊ नका. पण पीजीसीईटीच्या वाटेनं गेटची शिष्यवृत्ती मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात जायचं असेल तर एक गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना माहीत नसते. तिथल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. मी बी.ई.ला तिच्यातूनच कोल्हापूरला गेलो. सीमाभागातले रहिवासी असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागले होते, आणि ते काढायला माझ्या वडिलांनी कचेऱ्यांचे खेटे घातले. एम.टेक.साठी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा आणि कागद सहा महिने आधी गोळा करा.

भाषेची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण मला होती म्हणून सांगतो. मी मराठी शाळेतला, शॉपमध्ये निम्मं कानडी निम्मं मराठी. पहिलं सेमिनार इंग्रजीत द्यायचं होतं तेव्हा रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्या वर्षी ती भीती गेली, कारण तोवर सांगण्यासारखं माझं स्वतःचं काहीतरी होतं.

परत यायचं की नाही हे आत्ता ठरवू नका. पुण्याला राहिलात तरी वाईट नाही. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, आणि लोखंडी नांगरही किर्लोस्करवाडी वसायच्या आधी इथेच घडले. आज इथे फौंड्र्या आहेत, हायड्रॉलिक्स आहे, हत्तरगीला विमानाचे भाग होतात. शिकलेल्या माणसाला इथे काम नाही, हे मला पटत नाही.

आणि तुमच्या बोअरचं. पुढच्या आठवड्यात एवढं करा: होनिंग झाल्यावर बॉडी फिक्स्चरमध्ये पकडलेली असतानाच बोअर दोन काटकोनी दिशांना मोजा. मग क्लॅम्प सोडून पुन्हा मोजा. फिक्स्चरमध्ये गोल आणि सोडल्यावर ओव्हल असेल, तर क्लॅम्प भिंत दाबतोय, दाबलेल्या भिंतीत होनिंग गोल बोअर करतंय आणि सोडल्यावर भिंत मूळ जागी परत जातेय. वीस बॉडींचे आकडे एका वहीत लिहा, क्लॅम्पचा दाब बदलून पुन्हा वीस घ्या. ती वही जपून ठेवा आणि मुलाखतीला जाताना बरोबर न्या.