"माझी हरकत नाही, पण आईला विचार"

"मॅडम, घरात पैशावाचून काही अडलेलं नाही. तरी नोकरी करावीशी वाटते. हा माझा हट्ट आहे का? मुलीची आबाळ होईल का?"

समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न सतत येतो. या वेळी विचारणारी होती एकतीस वर्षांची, सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावातली. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बी. कॉम. झालेली, टॅली येणारी. लग्नाआधी तीन वर्षं एका पतसंस्थेत हिशेब बघायची. आता मुलगी साडेचार वर्षांची झाली आणि एका सीएच्या ऑफिसात बारा हजारांचं काम चालून आलं. नवरा एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी. त्याचं उत्तर ठरलेलं : "माझी हरकत नाही, पण आईला विचार." सासूबाईंचं उत्तर : "त्याला चालायचं नाही." चार महिने ती या दोन वाक्यांच्या मध्ये उभी होती.

पहिल्या भेटीत मी तिला आदल्या दिवसाचा हिशेब तासांनुसार लिहायला सांगितला. नळाला पाणी येतं तिथपासून, म्हणजे सव्वापाचपासून. घरकामाची बेरीज झाली साडेसात तास. कागदाकडे बघत ती म्हणाली, "मी तर सगळ्यांना सांगते, घरीच असते."

2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांचे बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी 289 मिनिटं गेलेले दिसतात, पुरुषांचे 88. आणि ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांचीच आहे. ज्यांनी हातच लावला नाही ते पुरुष त्या 88 मध्ये धरलेलेही नाहीत. म्हणून 'आबाळ होईल का' हे आईलाच का विचारायचं, ते मला कधी पटलेलं नाही. मूल दोघांचं आहे.

पुढच्या वेळी तिघांना बोलावलं, पण भेटले एकेकट्याला. प्रत्येकाला दोनच प्रश्न : तुम्हाला काय वाटतं? आणि बाकीच्यांना काय वाटत असेल?

नवरा म्हणाला, "मला चालेल. आईला नाही चालणार."

सासूबाई बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "तिनं शिकून घरात बसावं असं मला कुठं वाटतंय? पण भावकीत माझ्या पोराला नावं ठेवतील, बायकोच्या पगारावर जगतो म्हणून. आणि दुसरं सांगू का? माझं गुडघं दुखतंय. पोरीमागं दिवसभर धावणं माझ्यानं व्हायचं नाही. हे बोलले तर सगळे म्हणतील, सासू आडवी आली."

म्हणजे नकार नोकरीला नव्हताच. भीती होती दिवसभर नात एकटीच्या गळ्यात पडण्याची, आणि ते बोलायची सोय नव्हती.

सौदी अरेबियात, रियाधमध्ये, 2017 साली काही अर्थतज्ज्ञांनी तरुण विवाहित पुरुषांना असंच विचारलं होतं. बायकांनी बाहेर काम करणं बहुतेकांना मान्य होतं, पण आपल्यासारख्या इतरांना ते तितकंसं मान्य नसेल असं ते धरून चालले होते. खरे आकडे समोर ठेवल्यावर पत्नीसाठी नोकरी शोधणाऱ्या सेवेत नाव नोंदवायला जास्त जण तयार झाले. आपल्याकडचं 'लोक काय म्हणतील' मला तेव्हापासून वेगळं ऐकू येतं.

अर्थात सगळीच घरं अशी नसतात. जिथे धाक आहे, मारहाण आहे, तिथे मी अशी भेट मुळीच ठेवत नाही. तिथे आधी बाईची सुरक्षितता आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर.

इथे मात्र तिघांना एकत्र बसवता आलं. नवरा म्हणाला, "मी मदत करीन." मी विचारलं, "कुणाला?" तो थांबला. मग शाळेतून कोण आणणार, डबा कोण करणार, गॅसला नंबर कोण लावणार, असं एकेक काम नावासकट लिहून काढलं. ऑफिसात पाळणाघराची आशा नव्हती. कायदा ती सोय पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथेच मागतो, आणि इथे माणसं सात. शेवटी गल्लीतल्याच एका काकूंकडे दुपारी चार तास मुलीला ठेवायचं ठरलं. ते पैसे तिच्या पगारातून जाणार असं नवऱ्यानं सहज गृहीत धरलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि घरखर्चात लिहायला लावलं. पगार तिच्या स्वतःच्या खात्यात, हेही लिहिलं.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात तो मुलीला काकूंकडून आणतो, दुसरीच्या आठवड्यात सकाळचा डबा करतो. पोळ्या जाड होतात, पण करतो. सासूबाई संध्याकाळी नातीजवळ बसतात, तेवढंच. तिसऱ्या शिफ्टचं अजून जमलेलं नाही. तो सकाळी येऊन झोपतो आणि त्या आठवड्यात सगळं पुन्हा तिच्यावर येतं. तेवढ्यासाठी तिघं पुढच्या शनिवारी येणार आहेत. वेळ सासूबाईंनी मागून घेतली.