इंदूरच्या मायक्रोब्रुअरींमध्ये तीन संध्याकाळी कशा घालवाव्यात?

आपल्या प्रश्नावरून असे समजते की पुण्यातल्या मायक्रोब्रुअरी (स्वतःची बिअर जागीच बनवून विकणारी ठिकाणे) आपल्या चांगल्या ओळखीच्या आहेत, डिसेंबरात कामानिमित्त इंदुरात आपल्याला तीन संध्याकाळी मोकळ्या मिळणार आहेत, आणि इथे कुठे जावे व काय मागवावे हे आपल्याला हवे आहे. मी रामबागेत लहानाचा मोठा झालो, आता विजयनगरला राहतो आणि गेली काही वर्षे या ठिकाणी नेमाने जातो. त्या अनुभवावरून लिहितो.

ठिकाणांची यादी मी मुद्दाम देत नाही. पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी २००९ साली सुरू झाली आणि तेव्हापासून तिथे पिणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. इंदुरात हा प्रकार बराच उशिरा आला आणि अजूनही अशी ठिकाणे मोजकीच आहेत, तीही बहुतेक विजयनगर, ए. बी. रोड आणि बायपासच्या बाजूला. अशा लहान शहरात ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, नोकरी सोडून दुसरीकडे गेला की पाटी तीच राहते, मेनूवरची नावेही तीच राहतात, पेल्यातली बिअर मात्र बदलते. म्हणून मागच्या वर्षी कोणी केलेल्या शिफारशीवर विसंबण्यापेक्षा आत गेल्यावर दोन प्रश्न विचारावेत: बिअर इथेच बनते का, आणि आज नळावर असलेल्यांपैकी सर्वांत ताजी टाकी कोणती. पाटीवर ‘ब्रू’ असले म्हणजे आत बिअर बनतेच असे नाही, त्यामुळे पहिला प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. दुसऱ्या प्रश्नाला वेटरने मेनू पुढे सरकवला, तर ब्रुअरला विचारून येण्याची नम्रपणे विनंती करावी. बहुतेक ब्रुअर असा प्रश्न ऐकून खूश होतात, कारण तो त्यांना फारसे कोणी विचारत नाही.

टाकीवर मी एवढा भर देतो त्याला इंदुरी कारण आहे. इथे येणाऱ्या दहा टेबलांपैकी सात-आठ टेबलांवर व्हीट, म्हणजे गव्हाची बिअरच मागवली जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यामुळे व्हीटची टाकी लवकर संपते आणि पुन्हा भरली जाते, तर आयपीए ही कडवट बिअर आणि स्टाउट ही काळपट बिअर नळावर रेंगाळतात. स्टाउटचे त्यात फारसे बिघडत नाही, कारण तिची चव भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) असते आणि ती थोडा काळ सहज तग धरते. आयपीएची गोष्ट वेगळी आहे: तिची सगळी मजा हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांच्या, वासात असते, तो वास आठवड्यागणिक उडत जातो आणि शेवटी नुसता कडवटपणा उरतो. आपण पुण्यात आयपीए पिणारे असाल तरी इथे ती टाकीची तारीख कळल्याशिवाय मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लागरच्या बाबतीत एवढेच सांगतो की एल (व्हीट, आयपीए, स्टाउट या सगळ्या एलच) साधारण १८ ते २२ अंशांना आंबते आणि दोनेक आठवड्यांत नळावर येऊ शकते, तर लागरला बरेच थंड तापमान आणि महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ टाकी अडवून ठेवावी लागते. चार-सहा टाक्यांच्या ठिकाणाला ही चैन परवडत नाही. तरीही कोणी मन लावून बनवलेली लागर दिली, तर ती आधी प्यावी.

सुरुवात मात्र व्हीटनेच करावी, आणि शक्यतो जर्मन पद्धतीच्या हेफेवायझेनने. ती गढूळ दिसते आणि ती तशीच असावी लागते. पेला नाकाशी नेला की आधी पिकलेल्या केळ्याचा आणि मागोमाग लवंगेचा वास येतो, मात्र तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टच्या कामातून निर्माण होतात. माझी आत्या बिअरला शिवत नाही, पण एकदा आमच्याबरोबर जेवायला आली असताना तिने पेल्याचा नुसता वास घेतला आणि ‘अरे, हे तर शिकरण!’ असा निकाल दिला. त्यानंतर आजवर मी कोणाला हेफेवायझेन याहून चांगल्या शब्दांत समजावून देऊ शकलेलो नाही. बेल्जियन पद्धतीच्या व्हिटमध्ये (हीही गव्हाचीच बिअर) मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखर घातलेली असते. तिथे हे वास आले नाहीत, तर घालणाऱ्याचा हात आखडता होता असे समजावे.

दोष ओळखता आले तर पैसे वाचतात. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी स्टाउट मागवली, तर पहिल्याच घोटाला सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास आला. वेटरला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, यही तो इसका फ्लेवर है.’ मग मी दुसऱ्या नळावरची पेल एल मागवली. तिलाही तोच वास होता, तेव्हा दोष एका टाकीचा नसून नळ्या नीट धुतल्या नसाव्यात, असा मी तर्क केला. हा वास डायअसेटिल नावाच्या द्रव्याचा असतो. आंबवण्याच्या काळात ते तयार होतेच, पण यीस्टला शेवटी आणखी दोन-तीन दिवस दिले तर तेच ते पुन्हा शोषून घेते; टाकी घाईने थंड केली तर ते राहून जाते, आणि अस्वच्छ नळ्यांतल्या जिवाणूंमुळेही ते उत्पन्न होते. उकडलेल्या मक्याचा वास आला तर तोही दोषच समजावा. इंदुरात मक्याला नाव ठेवणे जिवावर येते, पण त्याची जागा भुट्ट्याच्या किसात, म्हणजे किसलेल्या मक्याच्या इथल्या पदार्थात आहे.

पाण्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगतो, कारण बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. इंदूरला १९७८ सालापासून नर्मदेचे पाणी मिळते. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून ते माळव्याच्या पठारावर चढवून आणावे लागते. आपल्याला ब्रुअर भेटलाच, तर तो पाण्यावर कोणती प्रक्रिया करतो आणि कोणत्या बिअरसाठी त्यात कोणते क्षार घालतो, हे विचारावे. या प्रश्नावर जो ब्रुअर दहा मिनिटे बोलतो, त्याची बिअर सहसा चांगली असते.

आता खाण्याकडे वळतो, कारण इंदुरात ते टाळता येत नाही. हॉप्सच्या कडवटपणाने मिरचीचा तिखटपणा अधिक झोंबतो, म्हणून लवंगी शेव समोर असताना आयपीए नको. गव्हाची किंवा माल्टकडे झुकणारी बिअर त्या तिखटाला सांभाळून घेते. डिसेंबरात आपल्याला गराडू मिळेल: या कंदाच्या फोडी तळून त्यावर मसाला भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. त्याची आणि गार व्हीटची जोडी अप्रतिम आहे, पण दोन्ही एका टेबलावर क्वचितच येतात, कारण चांगला गराडू सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊबाजारात, मिळतो आणि तिथे बिअर मिळत नाही (आणि मिळूही नये). त्यामुळे सातला ब्रुअरीत बसावे, छोट्या पेल्यांचा संच मागवून सगळ्या बिअर थोड्या थोड्या चाखाव्यात, जी पसंत पडेल तिचा एकच मोठा पेला घ्यावा आणि साडेनऊला उठावे. सोन्याचांदीची दुकाने मिटल्यानंतरच सराफा जागा होतो, तेव्हा दहाच्या सुमारास आपण अगदी वेळेवर पोहोचाल. ब्रुअरीतले महागडे नाचोज खाऊन पोट भरून घेऊ नये, ही इंदूरकराची कळकळीची विनंती समजावी.

पहिल्या दोन संध्याकाळी दोन वेगळी ठिकाणे पाहावीत, आणि तिसऱ्या संध्याकाळी नवीन शोधण्याऐवजी त्यांतल्या आवडलेल्या ठिकाणी परत जावे. दुसऱ्या भेटीत ओळखीने जे ऐकायला आणि चाखायला मिळते, ते पहिल्या भेटीत मिळत नाही. मध्य प्रदेशातही वयाची अट २१ वर्षांची आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ असू द्यावे. पेला घेतल्यावर गाडी स्वतः चालवू नये, टॅक्सी सहज मिळते. महाकालाच्या दर्शनासाठी उज्जैनला मुक्काम करणार असाल, तर तिथे १ एप्रिल २०२५ पासून दारूविक्री बंद आहे, हे धरून बेत आखावा. आणि गच्चीवरचे टेबल घेणार असाल तर स्वेटर अवश्य आणावा. पुण्याच्या थंडीच्या हिशेबाने आलेले माझे दोन पाहुणे पहिला पेला अर्ध्यावर टाकून आत पळाले होते.